आईच्या नावावर लिहिलेली जखम

दौंडमधल्या एका डॉक्टरने माझ्या आईला फसवलं. तिच्या हातून न घडलेली गोष्ट त्याने तिच्या नावावर लिहिली, आणि त्या लिखाणाखाली सही माझी आहे. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी स्वतःला वगळून बोलतोय असं पुढे कोणाला वाटायला नको.

मी न्हावऱ्याचा. बापाची मेंढरं होती, आजोबांचीही होती. मला त्यांच्यामागे चालायचा कंटाळा होता. बाप गेल्यावर, नव्वद सालाच्या पुढेमागे, मी काठी धाकट्या भावाच्या हातात दिली आणि स्वतः व्यापारात पडलो. एक मेंढी घेऊन शिरूरच्या बाजारात उभा राहिलो होतो, तो दहा वर्षांत टेम्पो भरून माल उतरवू लागलो. कोणी शिकवलं नाही. जनावराच्या पाठीवर हात ठेवला की त्याचं वजन मला कळतं, आणि माणसाच्या बोलण्यावरून त्याची गरज.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने होत नाही. एकाने हातावर टॉवेल टाकायचा, दुसऱ्याने त्याखाली हात घालायचा. बोटं धरून आकडा सांगायचा, बोटं सोडून नकार द्यायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. शेवटी हात दाबला की सौदा झाला. मग तो मोडायचा नाही. मोडणाऱ्याच्या टॉवेलखाली पुढच्या बाजारी कोणी हात घालत नाही.

हात दाबून झाल्यावर पावती फाडणारा यायचा. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात एक म्हातारे गृहस्थ हे काम करायचे. कोणतंही जनावर असो, ते 'मेंढी, काळी, एक' असंच लिहायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, ह्यो बोकड हाय. आन् पांढरा हाय."

ते म्हणाले, "तुला म्हाईत हाय ना? मंग झालं तर."

त्या पावत्या आम्ही कधी वाचल्या नाहीत. सौदा हातात असतो, कागद आपला दाखवायला. माझी ही समजूत मला किती महागात पडली ते पुढे येईलच.

आई शेवटपर्यंत मेंढरांतच राहिली. घोड नदीपासून भीमेच्या काठापर्यंत सगळे मेंढपाळ तिला ओळखायचे ते तिच्या जखमांच्या कामामुळे. मेंढीला कुत्रं चावलं, तारेने अंग फाटलं, लोकर कातरताना कातर लागली, की त्यावर माशी बसते आणि दोन दिवसांत आत किडे पडतात. आई जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवायची, एकेक किडा वेचायची आणि मग सीताफळाचा पाला वाटून तो बोटाने थेट जखमेच्या तळापर्यंत भरायची. वरून लेप लावणाऱ्या बायांची ती टिंगल करायची. म्हणायची, "भिताडाला रंग देतीस व्हय गं? उंदीर आत बसलाय."

पाला कसा वाटायचा, किती भरायचा, मी कधी नीट बघितलं नाही. मला माल पुढे न्यायची घाई असायची. भावाने सगळं बघितलं होतं.

भाऊ पडला तेव्हा मोबाईल नुकते आमच्या बाजारात दिसायला लागले होते. मेंढरांना पाला पाडायला तो बाभळीवर चढला होता. फांदी त्याच्यासकट खाली आली. उठता येईना, पायात मुंग्या. जीपमध्ये फळी टाकून त्याला शिरूरला आणलं. तिथे फोटो काढला आणि सांगितलं की कमरेच्या वरचा मणका चेपलाय, ऑपरेशन लागेल, पुण्याला न्या.

पुण्याला न्यायचं की दौंडला, हे मी ठरवलं. दौंडला एका खासगी हॉस्पिटलात मणक्याचे डॉक्टर आठवड्यातून एकदा पुण्याहून रेल्वेने यायचे. मी विचार केला, पुण्यात आपलं कोण ऐकणार? दौंडला दोन शब्द चालतात, चार ओळखी आहेत, घासाघीस करता येते. ती मी केलीही. हॉस्पिटलचे मालक स्वतः डॉक्टर होते, माझ्याच वयाचे, गोड बोलणारे. मला म्हणाले, "तुम्ही तर आम्हालाच विकून खाल."

मला ते कौतुक वाटलं होतं.

पुण्याचे डॉक्टर उंच, थोडे वाकलेले, बोलायला साधे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम येऊन राहिले होते. त्यांनी मला सामानाची यादी दिली आणि शेवटच्या औषधावर पेन टेकवून सांगितलं, "या दोन बाटल्या विसरू नका. यात पावडर आहे. टाके घालायच्या आधी मी ती जखमेतच टाकतो."

मी म्हणालो, "सलाईनमधून औषध देणार हायच की तुम्ही. मंग ही कशाला आणिक?"

मला वाटलं यादी फुगवलीय. पण त्यांना राग आला नाही. म्हणाले, "सलाईनमधलं औषध रक्तातून सगळ्या अंगात फिरतं, जखमेत त्यातलं थोडंच पोचतं. आणि आपण आत धातूच्या सळ्या, स्क्रू बसवणार. त्यावर जंतू एकदा बसला की हलत नाही. म्हणून जिथे तो बसणार तिथेच औषध आधी ठेवून द्यायचं. सगळे डॉक्टर करत नाहीत. मी करतो."

कोपऱ्यात आई बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "बराबर हाय. आतच घालाया पायजे. वरनं लावून काय उपेग न्हाई."

डॉक्टर वळले. "आजी, तुम्ही कोणाला घालता?"

"मेंढरांना."

"बरी होतात?"

"व्हत्यात. एखादं जातंबी. गेलं तर गेलं म्हणून सांगते."

"माझंही तसंच आहे, आजी. फक्त मी एवढं मोकळेपणाने सांगत नाही."

सगळे हसले. मालक डॉक्टरही शेजारी उभे होते, तेही हसले. आई दिवसभर खुशीत होती. एवढा मोठा डॉक्टर आपल्यासारखंच करतो म्हणून. मला दोनदा म्हणाली, "त्या बाटल्या आणल्यास का रं?" मी आणल्या होत्या. दुकानदाराच्या समोर झाकणं तपासून घेतल्या होत्या. सील न बघता मी पाण्याची बाटलीसुद्धा घेत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन उशिरा सुरू झालं, कारण वीज गेली होती आणि जनरेटर लवकर धरेना. दुपार कलली तेव्हा पुण्याचे डॉक्टर बाहेर आले. टोपी काढत मला म्हणाले, "छान झालं. पायात ताकद येईल. आता फक्त टाके राहिलेत, ते इथले मालक डॉक्टर घालतील." आणि पिशवी उचलून गेले. खाली रिक्षा उभी होती. त्यांना पुण्याची गाडी पकडायची होती. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो, पाया पडलो. दौंडला येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचा दिवस गाड्यांवर चालतो, त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

अर्ध्या तासाने आतला माणूस माझी सामानाची पिशवी घेऊन आला. वापरलेल्या सामानाची रिकामी पाकिटं आणि उरलेलं सामान, असं दोन्ही तो नातेवाईकांना परत द्यायचा. मी तिथेच बाकावर सगळं मांडून यादीशी ताडलं. रिकाम्या बाटल्या जितक्या हव्या तितक्या होत्या. पावडरच्या दोन्ही बाटल्या मात्र तशाच, सीलबंद.

"या कशा राहिल्या?" मी विचारलं.

"लागल्या न्हाईत. मेडिकलला परत करा, वापस घेतोय तो."

मी परत केल्या. लगेच, त्याच पायाने. दुकानदाराने परतीची पावती दिली, ती मी भावाच्या कागदांच्या पिशवीत टाकली. डॉक्टरांनी आदल्या दिवशी त्या बाटल्यांवर पेन टेकवून काय सांगितलं होतं ते मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. मला आठवलं एवढंच की यादीतलं काहीतरी कमी झालं. मी खूश होतो.

आईला मी बाटल्यांचं बोललोच नाही. तिने विचारलं, "घातली का पावडर?" मी म्हणालो, "घातली असंल की."

आठव्या दिवशी भावाला ताप भरला. नर्स म्हणाली, येतो कधीकधी. दुपारी आई त्याच्या कुशीशी वाकली आणि नर्सला म्हणाली, "बाई, वास येतुया. आत पू हाय."

"आजी, तुम्ही बसा तिकडं."

"बसते. पर आत पू हाय."

संध्याकाळी पट्टी उघडली तेव्हा ती ओली होती आणि टाक्यांच्या खालच्या टोकाने पू येत होता. मालक डॉक्टर आले, बघितलं, आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हा, "या बाईंना आधीच कसं कळलं?"

डॉक्टरांनी आईला विचारलं, "पट्टी उघडली होती का तुम्ही?"

"न्हाई. वासावरनं कळतंय."

"वासावरून," ते म्हणाले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना आईचं गाठोडं कॉटखालून ओढलं गेलं आणि त्यातून फडक्यात बांधलेला सीताफळाचा पाला बाहेर पडला. सुकलेला. भाऊ पडला तेव्हा ती एका मेंढीला औषध घालत होती, हातातलं तसंच बांधून निघून आली होती. डॉक्टरांनी त्यातलं एक पान देठाला धरून उचललं.

"हे काय आहे?"

"मेंढरांचं औषध हाय."

"आणि मुलाला?"

"त्याला कशाला? त्याला तुमचं हाय की."

मी दारात होतो. मला वाटतं त्या क्षणी मी काही विचारच केला नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की एवढं करून आणलेलं सगळं हिने पाल्यात घालवलं. मी वॉर्डात सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. "तुला कुणी सांगितलं हितं शाणपणा कराया? माणूस हाय त्यो, मेंढरू न्हाई."

ती म्हणाली, "मी न्हाई रं हात लावला."

"तुझ्या हाताला सवयच हाय."

भाऊ पालथा पडलेला होता. तो उशीतून म्हणाला, "दादा, आयनं काय केलं न्हाई. मला कळलं असतं." मी त्यालाही गप्प बसवलं. तुला गुंगीत काय कळतंय, म्हणालो.

या गोष्टीत माझं जे काही आहे त्यातलं पहिलं हे.

दुसरं त्यानंतर दोन तासांत झालं. मालक डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, जखम पुन्हा उघडून धुवावी लागेल, पुण्याचे सर परवा मुद्दाम येतील, महागडी इंजेक्शनं लागतील, आणखी तीन आठवडे इथेच राहावं लागेल. मी पेटलेला होतोच. म्हणालो, "माझ्याकडनं एक रुपया निघायचा न्हाई. जखम तुमच्या हॉस्पिटलात बिघडली."

ते शांत होते. म्हणाले, "बिघडली कशामुळे ते आपण दोघांनी बघितलं."

मग आमची घासाघीस सुरू झाली. मी सवयीने खांद्यावरचा टॉवेल हातावर घेतला, तर ते हसून म्हणाले, "आमच्यात तोंडाने बोलतात." तरी मी तासभर बसलो. धुण्याचं ऑपरेशन त्यांच्याकडून. खाट त्यांच्याकडून. इंजेक्शनं निम्मी म्हणत होते, ती मी पूर्ण काढली. पुन्हा शिरूरपर्यंत जायला गाडी, तीही काढली. एवढा सौदा मी बाजारातही कधी जिंकला नव्हता. शेवटी त्यांनी हात पुढे केला, मी दाबला.

ते म्हणाले, "फक्त एक कागद लागेल. आमच्या फाईलसाठी."

त्यांनी तो लिहूनच ठेवला होता. वरचा भाग इंग्रजीत, खालच्या चार ओळी मराठीत. मी सातवी शिकलोय. मला मराठी वाचता येतं. हे मी लपवत नाही. मी वाचलं नाही, कारण सौदा हातात झाला होता आणि कागद फाईलसाठी होता. मी सही केली आणि खाली येऊन चहाच्या टपरीवर आमच्याकडच्या दोघा-तिघांना सांगितलं की म्हातारीने पाला घालून बिघडवलं, तरी डॉक्टरला कसा आडवा घेतला.

जखम धुतली. त्या वेळी पुण्याचे डॉक्टर टाके घालून होईपर्यंत थांबले, त्यांची गाडी गेली. भाऊ वाचला. पाय चालतात. पण पाठीला पट्टा घालावा लागतो, वाकून ओझं उचलता येत नाही, कळपामागे दिवसभर चालता येत नाही. दुसऱ्याच वर्षी मेंढरं विकली. मीच विकली, शिरूरच्या बाजारात.

आईला गावात कोणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पण मेंढपाळ तिला बोलवायचे बंद झाले. दौंडच्या हॉस्पिटलातली गोष्ट तिच्या आधी सगळ्या वाड्यांवर पोचली होती, आणि ती पोचवण्यात माझ्या टपरीवरच्या बोलण्याचा मोठा वाटा होता. न्हावऱ्याच्या स्टँडवर एकाने मला हसत विचारलं, "म्हातारीनं पोरालाबी पाला भरला म्हणं?" मी त्याची कॉलर धरली. पण काय म्हणणार होतो? मी स्वतःच तसं मानत होतो.

भावजय तिला पोराच्या गुडघ्याची खरचट बघू द्यायची नाही. पोराला हळूच आत घेऊन जायची. आई ते बघायची आणि हात पदराखाली घ्यायची. पाला वाटायचा दगड तिने एका दुपारी उचलून मागच्या बांधावर टाकून दिला.

पुढच्या वर्षी भावाची शेवटची तपासणी पुण्यात होती. पुण्याचे डॉक्टर दौंडला यायचे बंद झाले होते, म्हणून त्यांच्या पुण्यातल्या दवाखान्यात गेलो. त्यांच्यासमोर दौंडहून मागवलेली फाईल होती. त्यांनी भावाला चालवून बघितलं, वाकवून बघितलं, समाधान वाटलं त्यांना. मग म्हणाले, "आजी कशा आहेत? त्यांच्यावर फार रागावू नका. मायेनेच केलं असेल."

मी म्हणालो, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यात लिहिलंय की. तुमचीच सही आहे." आणि त्यांनी वाचून दाखवलं. पेशंटच्या आईने जखमेत झाडपाल्याचे औषध घातले, त्यामुळे पू झाला, हे नातेवाईकांना मान्य आहे.

मान्य आहे. माझ्या सहीच्या वर.

डॉक्टर फाईल चाळत पुढे म्हणाले, "मलाही तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. पावडर टाकलेली असताना एवढा पू कसा? मग हे वाचल्यावर उलगडलं."

"कंची पावडर? त्या दोन बाटल्या?"

"हो. ही बघा नोंद, तिथल्या मालक डॉक्टरांच्याच हातची. टाके घालण्यापूर्वी पावडर जखमेत टाकली."

"त्या तर मी दुकानदाराला परत केल्या."

त्यांनी चष्मा काढला. मी कागदांची पिशवी खाली ओतली. शोधायला वेळ लागला नाही, कारण मी काही फेकत नाही. परतीची पावती होती, ऑपरेशनच्याच तारखेची, औषधाचं नाव, दोन नग, दुकानाचा शिक्का. डॉक्टरांनी ती बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "मी गाडीसाठी निघालो होतो. टाके घालताना मी तिथे नव्हतो."

"मंग पावडर न टाकल्यानं पू झाला?"

"तसं मी म्हणू शकत नाही. टाकूनही कधीकधी होतो. न टाकताही पुष्कळांना होत नाही."

"पर टाकली असं लिहायचं का? आन् आईनं पाला घातला असं?"

त्यांनी पावती परत माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही लिहून द्या. पावडर टाकली न्हवती म्हणून."

"मी तिथे नव्हतो. काय लिहून देऊ?"

हा माणूस चांगला आहे असं मला आजही वाटतं. तो आईशी माणसासारखा बोलला होता. पण जी गोष्ट त्याच्या मते एवढी महत्त्वाची होती ती दुसऱ्याच्या हातात टाकून तो गेला, आणि त्याची जबाबदारी 'मी तिथे नव्हतो' एवढ्या तीन शब्दांत संपली.

भावाला न्हावऱ्याच्या एसटीत बसवलं आणि मी तसाच दौंडला गेलो. मालक डॉक्टरांसमोर पावती ठेवली. त्यांनी ती वाचली, परत माझ्याकडे सरकवली.

"या बाटल्या परत आल्या म्हणजे पावडर टाकली नाही असं थोडंच आहे. आत आमचा साठा असतो. त्यातली टाकली असेल."

"मंग तिचं बिल कुठाय? तुम्ही कापूसबी मोजून लावलाय मला. आन् एवढं मोलाचं औषध फुकट घातलं?"

त्यांनी घंटी वाजवून चहा सांगितला. मी म्हणालो, "चहा नको. माझ्या आईनं जखमेला हात लावला न्हाई, असं लिहा."

"झालेली नोंद बदलता येत नाही."

"नवी लिहा."

मग ते खुर्चीत पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, तुम्ही व्यवहारी माणूस आहात. भावाची पुढची सगळी तपासणी, फोटो, औषधं, जन्मभर, इथे. आईंचीही. कुठे कागदांच्या मागे लागता?" आणि त्यांनी हात टेबलावर पुढे ठेवला.

मी आयुष्यात पुढे आलेला हात भाव न करता सोडलेला नाही. त्या दिवशी सोडला. तोंडाला येईल ते बोललो. टेबलावरची काच फुटली, कशी ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या माणसांनी मला जिन्यावरून खाली आणलं. त्यामुळे पुढे काय झालं, तर मी दंगा करणारा ठरलो. तक्रार घेऊन जिथे गेलो तिथे आधी काचेची गोष्ट निघाली, आणि मग सही. "सही तुमचीच आहे ना?" हे वाक्य मी इतक्या टेबलांवर ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं की मला कळतं.

आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती कांद्याच्या पाती निवडत होती. मी सगळं क्रमाने सांगितलं, बाटल्या, पावती, कागद. शेवटी म्हणाली, "मंग माझ्या हातानं झालं न्हाई म्हणतूस?"

"न्हाई."

"मला बी तसंच वाटायचं. पर त्यो निजल्यावर मी पाठीवरनं हात फिरवायची. पट्टीच्या वरनंच. म्हनलं हाताला पाला लागला असंल. त्यातनं गेलं असंल काय आत, काय म्हाईत."

वर्षभर ती हे धरून बसली होती. मला एकदाही बोलली नव्हती, आणि बोलावं असं मी तिला वाटूही दिलं नव्हतं.

मी म्हणालो, "आये, माझं चुकलं."

ती पात निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सही तुझीच हाय न्हवं? तुला वाचाया येतंय. मला यीत असतं तर मी वाचलं असतं."

राग नव्हता त्यात. ती जखमेबद्दल बोलायची तशीच बोलली, आत काय आहे तेवढं सांगून.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. मी गावात सगळ्यांना खरं सांगितलं. स्टँडवर सांगितलं, बाजारात सांगितलं, पावती दाखवली. लोक ऐकून घेत, मान हलवत. पण आईचा मुलगा आईची बाजू घेणारच, असं त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. आधी मीच उलटं बोललो होतो, तेव्हा मात्र सगळ्यांना पटलं होतं. मुलगाच आईविरुद्ध बोलतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? तिच्या शेवटच्या दिवसांत शेजारच्या वाड्यावर एका मेंढीच्या मानेत किडे पडले होते. त्यांनी तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आणला. तो येईपर्यंत मेंढी मेली. आईला आमच्या अंगणातून त्या मेंढीचं ओरडणं ऐकू येत होतं. तिला कोणी बोलावलं नाही आणि ती आपणहून गेली नाही.

ते हॉस्पिटल आता दुमजली झालंय. त्या डॉक्टरचं वय झालं, पण तो अजून बसतो. मी तिथून जाताना नेहमी वर बघतो.

पैसे मला नकोत. काचेचे पैसे हवे असतील तर तेही देतो. पू कशाने झाला याचाही निकाल मी मागत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मी समजून घेतलंय, टाकूनही होतो, न टाकताही होत नाही. मी एवढंच विचारतोय, की जी पावडर टाकली नाही ती टाकली असं कोणी लिहिलं, आणि ज्या बाईने हात लावला नाही तिने पाला घातला असं कोणी लिहिलं? दोन्ही एकाच फाईलमध्ये आहे आणि अक्षर एकाच माणसाचं आहे. माझ्या सहीचा जाब मला रोज द्यावा लागतो, तो मी देतो. ज्याचं अक्षर आहे त्याने त्याचा द्यावा. चार ओळी मराठीत लिहून, खाली स्वतःची सही करून द्यावा, आणि या वेळी मी त्या वाचून घेईन.